तापलेल्या बाळाच्या नावावर चौविहार कशाला?



चौमासी बसली की ग्रुपवर फोटो यायला लागतात. "आमच्या छोटूचा पहिला चौविहार!" छोटू दीड वर्षाचा. खाली अनुमोदनेचे जोडलेले हात, शंभरेक तरी. निरोगी मूल संध्याकाळी पोटभर जेवलं आणि सकाळपर्यंत झोपलं तर त्यात कुणाचं काही बिघडत नाही. घराला वळण लागतं, ते चांगलंच आहे. माझं भांडण त्याच्याशी नाही.

माझं भांडण आहे ते परवा व्याख्यान सुटल्यावर ऐकलेल्या एका गोष्टीशी. एक श्राविका मोठ्या अभिमानाने सांगत होत्या. नातू चौदा महिन्यांचा, अंगात १०३ ताप, रात्रभर "मम, मम" करत होता, पण "आम्ही काही मोडू दिला नाही, थेट नवकारशीलाच पाणी दिलं." भोवतीच्या पाच-सहा जणींनी हात जोडले. मी नाही जोडले. मी विचारलं, "काकू, पच्चक्खाण कुणी घेतलं होतं?" त्यांना प्रश्नच कळला नाही.

म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

व्रत हे घेणाऱ्याचं असतं. गुरूंसमोर हात जोडायचे, समजून घ्यायचं, मग स्वीकारायचं. आपल्या शास्त्रांनी दीक्षेसाठी आठ वर्षांच्या आतलं मूल अपात्र ठरवलं, ते समज येण्याच्या वयाचा विचार करूनच. ज्याला "नाही" म्हणता येत नाही त्याचं "हो" आपण कुठून आणलं? चौदा महिन्यांच्या मुलाने तप केलेलं नसतं. त्याला तहानलेलं ठेवलेलं असतं. पुण्य कुणाच्या खात्यात जमा झालं, हे त्या काकूंनी मला अजून सांगितलेलं नाही.

आणि ज्यांना व्रताची एवढी काळजी आहे त्यांनी पच्चक्खाणाचे शब्द एकदा कान देऊन ऐकावेत. प्रत्येक पच्चक्खाणात आगार असतात, म्हणजे आधीच ठेवलेल्या सवलती. त्यातला एक 'सव्वसमाहिवत्तियागार'. असह्य आजारात समाधी टिकावी म्हणून औषध घ्यावं लागलं तर व्रत मोडत नाही, असा त्याचा अर्थ महाराजसाहेब दरवर्षी समजावतात. ज्या धर्माने समजून-उमजून व्रत घेणाऱ्या मोठ्या माणसालाही हे दार उघडं ठेवलं, त्या धर्माच्या नावावर आपण व्रत न घेतलेल्या बाळाला ते बंद करतो आहोत.

हिंसेचंही तेच. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला पुढे ठेवलं आहे. प्रमाद म्हणजे बेफिकिरी, गाफीलपणा. पाणी न गाळता पिणं आपल्याला टोचतं, दिव्यावर येणाऱ्या किड्यासाठी आपण दिवा मालवतो. शेजारी तापाने कोरडं पडलेलं पंचेंद्रिय लेकरू मात्र दिसत नाही. त्याच्याबाबतीत यतना कुठे गेली?

रेवती श्राविकेची गोष्ट आपण सगळ्याजणी जाणतो. गोशालकाच्या तेजोलेश्येनंतर भगवान महावीरांना पित्तज्वर झाला, रक्ताचे जुलाब होऊ लागले. तेव्हा भगवंतांनी सिंह अणगाराला मेंढिकग्रामात रेवतीकडे पाठवलं. त्यांच्यासाठी म्हणून केलेला कोहळ्याचा पाक नाकारला, पण तिच्या घरी आधीच असलेला बिजोरापाक औषध म्हणून आणवला आणि घेतला. नियमही पाळला आणि औषधही घेतलं. त्या दानाने रेवतीने तीर्थंकर नामकर्म बांधलं असं आपली श्वेतांबर परंपरा सांगते. तापात औषध देणारी बाई आपल्याकडे इतक्या वरच्या जागी बसवली आहे. आपण मात्र औषध अडवणारीची अनुमोदना करतो.

आता शरीराचं बोलू. श्रावणात आपल्याकडे सूर्यास्त सातच्या सुमारास, नवकारशी सकाळी सात वाजून गेल्यावर. म्हणजे बारा तास. ताप एक अंश सेल्सियसने चढला की अंगाची पाण्याची गरज साधारण दहा-बारा टक्क्यांनी वाढते. मूल जोरजोरात श्वास घेतं, घाम येतो, खाल्लेलं ओकून टाकतं. मोठ्या माणसाच्या मानाने दहा किलोच्या जिवात पाण्याचा साठा तो कितीसा! सकाळी डोळे खोल गेलेले, रडताना पाणी नाही, लंगोट रात्रभर कोरडा, असं मूल घेऊन दवाखान्यात पळणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. तिथे सलाइन लावतात तेव्हा चौविहाराचा प्रश्न कुणी काढत नाही, हेही पाहिलं आहे.

कच्च्या पाण्याची भीती असेल तर उपाय आपल्याच घरात आहे. चौमासात उकाळलेल्या पाण्याचा काळ तीन प्रहर, म्हणजे साधारण नऊ तास. साडेसहाला उकाळून गाळून झाकून ठेवलं तर पहाटे साडेतीनपर्यंत पक्कं पाणी हाताशी आहे. माझ्या सासूबाई कित्येक वर्षं चौविहार करतात. माझ्या धाकट्याला ताप होता तेव्हा त्या रात्रभर वाटी-चमचा घेऊन बसल्या. स्वतःच्या ओठांना थेंब नाही, नातवाच्या तोंडात दर दहा-पंधरा मिनिटांनी एक चमचा. मला तपस्विनी म्हणून त्याच दिसतात. बाळ अंगावर पीत असेल तर रात्रीही पाजायचं, हवं तितक्या वेळा. आणि बाळ तापलेलं असताना आईने अट्ठाईची उमेद बाजूला ठेवावी. दूध आटलं तर दोघांचे हाल.

औषधाबद्दल मात्र मला आपल्या बायकांचं दोन्ही टोकांना पटत नाही. एक टोक म्हणजे रात्री औषध नकोच. दुसरं म्हणजे मेडिकलवाल्याने दिली ती बाटली, झाकणभर. पॅरासिटामॉल मुलाच्या वजनावर द्यायचं असतं. किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर, आणि चोवीस तासांत चारांहून जास्त डोस नाहीत. दहा किलोच्या मुलाला एका वेळी जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम. पण बाटल्या तीन तऱ्हेच्या मिळतात. ड्रॉपरच्या थेंबांत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे दीड मिलिलिटर पुरे. पातळ औषधात पाच मिलिलिटरमध्ये १२५ असेल तर सहा मिलिलिटर, २५० असेल तर तीन. थेंबांची बाटली समजून न घेता त्यातलं पाच मिलिलिटर पाजलं तर ५०० मिलिग्रॅम गेलं, आणि असं दोन-तीनदा झालं तर यकृतावर बेततं. बाटलीवरचा आकडा वाचा. डॉक्टरांकडून बाळाच्या वजनाचा डोस एकदा कागदावर लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा.

निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना देण्यावर आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. घरात मोठ्यांसाठी आणलेली गोळी 'अर्धी करून' देणाऱ्या आज्या अजून आहेत, त्यांना हे सांगा. तापाबरोबर सर्दी असली की सर्दीचं मिश्र औषध पाजायची घाईही नको. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखाली देऊ नये असं औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात बजावलं आहे. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असते, तेव्हा आयबुप्रोफेन आपल्या मनाने मुळीच नाही.

बाकीच्या घरगुती उपायांत गोधडीत गुंडाळणं सगळ्यात वाईट. घाम फुटून ताप उतरेल म्हणून मुलाला दुलईत घालून खिडक्या लावतात. उष्णतेला बाहेर पडायला वाटच ठेवत नाहीत. पातळ सुती कपडा, पंखा हळू. कोमट पाण्याने अंग पुसलं तर बाळाला बरं वाटतं, तेवढाच त्याचा उपयोग. बर्फ नको, कोलन वॉटर नको. मध आपल्यात वर्ज्यच आहे, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये असं डॉक्टरही सांगतात. इथे तरी कुणाचं भांडण नाही.

सहा महिने ते पाच वर्षं या वयात काही मुलांना तापात आकडी येते. पाहणाऱ्याचं काळीज थांबतं, पण ती बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत आपोआप जाते. मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा नको, चप्पल नको. णमोकार म्हणा, जरूर म्हणा, त्याने तुमचे हात स्थिर राहतील. पण पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन आधी. आणि पहिलीच आकडी असेल तर थांबली तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

हे सगळं अंजूरला बसून लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आपला रस्ता आहे. रात्री गोदामांचे कंटेनर लागले की अंजूरफाट्यापर्यंत पोहोचायलाच किती वेळ जाईल याचा भरवसा नाही. पहाटे निघू, नवकारशी होऊ दे, असं म्हणायला भिवंडी आपल्याला सवड देत नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ ताप आला तरी लगेच निघायचं. मोठं मूल गुंगीत असेल, काहीच पीत नसेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, धाप लागली असेल, मान ताठ वाटत असेल तर वाट पाहायची नाही. ताप तीन दिवसांपुढे गेला तरी दाखवायचं. डेंग्यूत ताप उतरल्यावरच खरा धोका सुरू होतो, म्हणून ताप गेला पण मूल मलूल आहे, पोट दुखतंय, सारखं ओकतंय, तर पुन्हा दाखवा. तापाबरोबर पुरळ दिसलं तर गोवर मनात आणा. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबई, मालेगाव आणि आपल्या भिवंडीत त्याची साथ होती. लसीचा डोस नऊ महिन्यांना आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. बाळाचं कार्ड काढून तारखा बघा.

काकू मला म्हणाल्या होत्या, "तू एवढं बोलतेस, पण तुझ्यामुळे उद्या मुली धर्मच सोडतील." मला उलट वाटतं. २०१६ मध्ये हैदराबादला तेरा वर्षांच्या मुलीने ६८ दिवस उपवास केला, पारणं झालं, मिरवणूक निघाली आणि ती गेली. त्यानंतर कितीतरी घरांत तरुण मुलींनी तपाचं नावच टाकलं. धर्मापासून त्यांना दूर नेलं ते त्या मिरवणुकीने.

तर यंदा संवत्सरीच्या आधी ग्रुपवर कुणी आजारी बाळाचा चौविहार टाकला तर मी हात जोडणार नाही, विचारणार आहे: ताप किती, शेवटचं पाणी कधी दिलं, वजन किती. राग आला तर येऊ दे. तोवर थर्मामीटरचा सेल तपासून ठेवा, आणि साडेसहाच्या पाण्यात बाळाचं एक भांडं वेगळं काढा.