नकुशा : एका नावाचा अर्थ

धुळे जिल्ह्यातल्या एका गावात मी बचत गटाची यादी करीत होते. एका ताईंनी नाव सांगितले, “नकुशा.” माझा हात थांबला. त्या हसून म्हणाल्या, “लिखी ल्या ताई, मी चौथी पोर शे.”

अर्थ विचारायची गरजच उरली नाही. नको असलेली ती नकोशी, नकुशी, नकुशा. मुलीमागून मुली झाल्या की शेवटचीला हे नाव द्यायचे, म्हणजे पुढचा मुलगा होतो, अशी समजूत.

कुणी म्हणेल, मुलग्यांचीही नावे दगडू, धोंडू, भिका ठेवीतच होते की! ठेवीत होते. पण कशासाठी? आधीची मुले दगावलेली असत. याला दृष्ट लागू नये, हा जगावा म्हणून. नकुशाच्या नावात तिच्यासाठी काहीच मागितलेले नाही. मागणे आहे ते जन्माला न आलेल्या भावासाठी.

सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये अशा २८५ मुलींना समारंभाने नवी नावे दिली गेली. चांगलेच झाले. पण बारसे एका दिवसात होते. शाळेचा दाखला, रेशनकार्ड बदलण्याच्या चकरा मागे राहतात. आणि लग्नात तांदळात बोट फिरवून नाव पुन्हा बदलायची रीत आहेच. तेव्हा तिला कोण विचारते?

नव्या मुलींत हे नाव आता मला क्वचित ऐकू येते. याचा आनंद मानण्याआधी जळगाव जिल्ह्याचे आकडे पाहा. सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे २००१ च्या जनगणनेत ८८० मुली होत्या, २०११ मध्ये ८४२. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा तर १९९४ चा! नकुशा निदान जन्मली तरी. तिच्यामागच्या कितीजणींपर्यंत नाव पोचलेच नाही. याच जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये आपण बहिणाबाईंचे नाव दिले, हेही विसरू नये.

मी त्या ताईंना विचारले, नाव बदलायचे का? त्या म्हणाल्या, याच नावाने सही शिकले, याच नावाचे खाते आहे. लाज वाटायची तर ठेवणाऱ्यांना वाटू दे.

मैत्रिणींनो, नाव बदलायचे की नाही हे तिलाच ठरवू द्या. आपण बदलायची ती ‘नको’ म्हणणारी घरे, आणि सुरुवात आपल्याच घरापासून.