रंग आपल्या ग्रिलला, गाळ कुणाच्या नदीला?

गंजलेलं ग्रिल बघायला रोडपालीत फार फिरावं लागत नाही. खाडीची दमट हवा, चार महिने पाऊस आणि शेजारी तळोजा एमआयडीसी! म्हणून मे महिना आला की सगळीकडे एकच घाई, रंग मारा. पण रंग म्हणजे नुसती शोभा नव्हे. लोखंड वाचवणारं ते रसायन आहे, आणि त्याची किंमत कोण मोजतं हे आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी तरी विचारायला हवं.

फिनॉलिक रेझिनच घ्या. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांच्यापासून ते बनतं. १९०७ साली लिओ बेकलँड यांनी यातूनच बॅकेलाईट तयार केलं. जुन्या घरांतले काळे स्विच आठवा, तेच ते! याच रेझिनचा थर भट्टीत तापवून पक्का केला की तो ॲसिडला, सॉल्व्हंटला दाद देत नाही. म्हणून केमिकलच्या टाक्यांना आणि पिंपांना आतून त्याचं अस्तर देतात.

गंमत अशी की पक्का झालेला थर सहसा कुणाला त्रास देत नाही. त्रास असतो तो त्याआधी. फिनॉल कातडी भाजतं आणि कातडीतून शरीरात शिरतं. फॉर्मल्डिहाइडमुळे माणसाला कॅन्सर होतो हे आता सिद्ध झालेलं आहे. आपल्याकडच्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फिनॉल लिटरला ०.००१ मिलिग्रॅमपर्यंतच चालतं. म्हणजे बघा! थर आपल्याला मिळतो, वास आणि सांडपाणी दुसऱ्याला.

हे दुसरे कोण? ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याचे निळे कुत्रे जगभर गाजले. एका कारखान्याचा निळा रंग कासाडी नदीच्या पाण्यात मिसळला होता. प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. कुत्रे निळे झाले म्हणून दिसले तरी. फिनॉल तर पाण्यात दिसतसुद्धा नाही.

शिशाची गोष्टही तशीच. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये ‘शेंदूर’ शब्द कधी कानावर आला नाही. तो मला आजीकडून कळला, आणि तो शिशाचा ऑक्साईड असतो हे केमिस्ट्रीने सांगितलं. पूल आणि जहाजं गंजू नयेत म्हणून हाच लाल प्राइमर मारत. घरगुती आणि शोभेच्या रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण त्या नियमात कारखान्यांत वापरायचे रंग येत नाहीत. का? तिथे रंग मारणाऱ्या माणसाला फुप्फुसं नसतात की काय?

रसायनं बंद करा, असं मी म्हणत नाही. गंजून पडलेला पूल काही कमी घातक नसतो. पण सुरुवात हॉस्टेलपासून करता येईल. यंदा रेलिंग घासताना पेंटरकाकांना चांगला मास्क द्या. जुना रंग कोरडा न खरवडता ओला करून काढा. उरलेलं थिनर गटारात न ओतता डब्यात बंद करून ठेवा आणि घातक कचरा म्हणून रीतसर द्या. आणि सर, कोटिंगच्या प्रॅक्टिकलला थराची जाडी मोजतो, तसा उरलेल्या गाळाचा हिशोबही जर्नलमध्ये लिहायला लावा. त्याला दोन मार्क ठेवलेत, तर पोरं नक्की लिहितील!