अठरा हजारांचा तपास

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन दरवर्षी १७ सप्टेंबरला साजरा होतो, आणि तो झालाच पाहिजे. रझाकारांनी या भागातील खेड्यापाड्यांतून जी लूट, जाळपोळ आणि खुनाखुनी केली, ती विसरण्याजोगी नाही. भारत सरकारने १९४८ सालीच श्वेतपत्रिका काढून ते अत्याचार जगापुढे मांडले. कासिम रझवीवर रीतसर खटला चालून त्यास शिक्षा झाली. १९५७ साली सुटल्यावर तो पाकिस्तानात निघून गेला. परंतु १३ सप्टेंबर १९४८ रोजी फौजा नळदुर्गाकडून आत शिरल्या व पाच दिवसांत निजाम शरण आला, त्यानंतरच्या आठवड्यांत याच जिल्ह्यात काय घडले, हे आम्ही वर्गात इतिहास शिकवीत असता कधी सांगितले नाही. क्रमिक पुस्तकात ते नव्हते, आणि पुस्तकाबाहेर जाण्याचे धैर्य आम्हांस नव्हते.

पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे तिघे त्या वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानात हिंडले. सोळांपैकी नऊ जिल्हे त्यांनी पाहिले आणि पाचशेहून अधिक लोकांची विचारपूस केली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत मिळून अठरा हजारांहून कमी माणसे मेली नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांतील बहुसंख्य मुसलमान होते. त्या वेळी आपल्याच जिल्ह्यात असलेल्या लातुरात कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली. हजारावर माणसे मारली गेली, आणि दहा हजारांच्या मुसलमान वस्तीत जेमतेम तीन हजार उरली. स्त्रिया पळविल्या गेल्या. त्याच अहवालात हेही आहे की, हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचविताना स्वतःचे प्राण गमावले, आणि पळविलेल्या स्त्रियांच्या सुटकेसाठी अनेक हिंदू धावून गेले. ही माणसेही आम्हांस ठाऊक असू नयेत, याची खंत अधिक वाटते.

अहवाल दडपला गेला. गृहमंत्री सरदार पटेल यांना तो मान्य नव्हता. सर्वसामान्य वाचकांच्या हाती तो पडला २०१३ च्या सुमारास, म्हणजे पासष्ट वर्षांनी. आता तो उघडा आहे. तथापि अहवाल म्हणजे तपास नव्हे. तिघांनी तीन आठवड्यांत केलेला तो अंदाज आहे. त्यात गावे आहेत. मेलेल्यांची गाववार नावे नाहीत, मारणाऱ्यांचीही नाहीत. मग ज्यांना हा आकडा फुगविलेला वाटतो, त्यांनीच तपासाची मागणी सर्वांआधी करावयास नको काय?

जुन्या जखमा उकरू नयेत, असे सांगणारे सज्जन पुष्कळ भेटतात. रझाकारांच्या बळींविषयी मात्र हा उपदेश ते करीत नाहीत, आणि तेथे तो करूही नये. गुन्हेगार आज हयात असणे जवळजवळ अशक्य. तेव्हा शिक्षेचा प्रश्न उरलेला नाही. प्रश्न नोंदीचा आहे. निजामी राजवटीत पोलिसांचा व महसुलाचा कारभार उर्दूत चाले. त्यांतील जे दप्तर शिल्लक असेल, ते वाचणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत; आणि त्या वेळी आठ-दहा वर्षांची असलेली मुले आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. जिल्हाधिकाऱ्यांनी तालुक्यातालुक्यांतील दप्तर उघडावे, उर्दू जाणणारे चार लोक त्यावर नेमावेत, रझाकारांनी मारलेल्यांची आणि त्यानंतर मारल्या गेलेल्यांची नावे एकाच नोंदवहीत गाववार उतरवून घ्यावीत, आणि ज्या घरांतून मुली गेल्या त्या घरांच्या दारी प्रथम जावे.