वीस हजारांत हात

माझ्या उजव्या हाताची किंमत वीस हजार रुपये ठरली. ठरवली गाडीमालकानं, त्याच्या मेव्हण्यानं आणि आमच्या वस्तीतल्या एका पुढाऱ्यानं. मला कुणी विचारलं नाही. मी दवाखान्यात पडलो होतो, मनगटात सळई.

लातूरहून नांदेडला येत होतो. काळी-पिवळी जीप. पासिंग नऊ जणांचं, आत सोळा. मी मागच्या फळीवर, अर्धा आत अर्धा बाहेर. चाकूर सोडलं आणि अहमदपूरच्या अलीकडं जीप उलटली. मी रंगारी आहे. ज्या हातानं ब्रश धरायचा, तो हात आता पाण्याचा तांब्याही धरत नाही.

चालवणारा पोरगा आमच्याच वस्तीतला. मग काय, म्हाताऱ्या घरी यायला लागल्या. "आपलंच लेकरू हाय की रे बाबा, कशाला कोर्टात वढायलास त्याला? घे वीस हजार, मिटीव."

दोस्तहो, इथं मला चाळीसगावचा टांगा आठवतो. १९२९ साली बाबासाहेब एका सरकारी समितीच्या कामावरून परतताना चाळीसगावला उतरले. अस्पृश्याला टांग्यात घालून हाकणं टांगेवाल्यांना कमीपणाचं वाटलं. एकानं टांगा दिला, पण हाकायला नकार दिला. मग आपल्याच एकानं लगाम धरला. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. नदीच्या पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पायाचं हाड मोडलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी ही हकिकत लिहिली. टांगेवाल्याची जात्यंध ऐट त्यांनी लिहिली. आणि पाहुण्याच्या मानापेक्षा त्याचा जीव मोठा, हे आपले लोक विसरले, हेही लिहिलं. आपलं माणूस म्हणून झाकलं नाही.

तर मीही झाकणार नाही. पण हिशोब त्या पोराच्या खिशातून मागायचा नाही. तो रोजावर राबतो. सोळा माणसं कोंबल्याशिवाय मालक त्याला दुसऱ्या दिवशी चावी देत नाही. हिशोब मागायचा मालकाकडून आणि विमा कंपनीकडून. कायदा तेच सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. अपघात लातूर जिल्ह्यात झाला तरी मी राहतो त्या नांदेडात दावा चालतो. वस्तीत हे कुणी सांगत नाही. वस्तीत सांगतात, "मिटीव."

आता हाताचा हिशोब मांडू. माझं वय २८. महिन्याला १२ हजार कमावतो असं धरा, म्हणजे वर्षाला १ लाख ४४ हजार. सरला वर्मा खटल्यात (२००९) सर्वोच्च न्यायालयानं वयाप्रमाणे गुणक ठरवून दिले. माझ्या वयाला १७. डॉक्टरनं कागदावर लिहिलं, अपंगत्व १५ टक्के. तेवढंच धरलं तर होतात ३ लाख ६७ हजार २००. पण रंगाऱ्याचा उजवा हात म्हणजे १५ टक्के रंगारी नव्हे! राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०१०) या निकालानं हेच सांगितलं : शरीराचे टक्के वेगळे, कमाई बुडाल्याचे टक्के वेगळे. हात गेलेला कारकून खुर्चीवर बसू शकतो, हात गेलेला सुतार घरी बसतो. माझी ६० टक्के कमाई बुडाली असं न्यायाधिकरणानं मानलं, तर त्याच हाताचे १४ लाख ६८ हजार ८०० होतात. दवाखान्याचा खर्च आणि वेदनेची भरपाई वेगळी. आणि मालक म्हणतो, वीस हजार!

विमा कंपनीचा वकील विचारतो, पगाराची स्लिप कुठंय? अरे, भिंतीला विचार. रामचंद्रप्पा नावाच्या हमालाच्या खटल्यात (२०११) सर्वोच्च न्यायालयानं पुरावा नसतानाही त्यानं सांगितलेली साडेचार हजारांची महिन्याची कमाई मान्य केली. स्लिप नाही म्हणून माणूस फुकट होत नाही.

पण याच कायद्याची दुसरी बाजूही पाहा. अंजना श्याम खटल्याचा निकाल (२००७) सांगतो, गाडीत परवान्यापेक्षा जास्त माणसं असतील तर विमा कंपनीची जबाबदारी परवान्याच्या आकड्यापुरती. म्हणजे नऊ जणांच्या विम्यात सोळा जणांची हाडं बसवायची. उरलेलं मालकाकडून वसूल करा, त्याच्याकडं असलं तर! आणि आम्ही सोळा जण हौसेनं बसलो होतो काय? एसटी वेळेवर नाही, कामाची वेळ मात्र ठरलेली. जीप सोडून द्या. टेम्पोत मालावर बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असा आशा राणी खटल्याचा निकाल (२००२) आहे. त्याच टेम्पोत मालाचा मालक बसला असेल, तर त्याला मात्र १९९४ च्या दुरुस्तीनं संरक्षण आहे. माल ज्याचा, त्याला विमा. हात हाच ज्याचा माल, त्याला वारा!

४ एप्रिल २०२५ ला नांदेडजवळ आलेगाव शिवारात मजूर बायकांना नेणारी ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत पडली. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या सात जणी बुडून मेल्या. राज्य सरकारनं वारसांना पाच-पाच लाख आणि पंतप्रधान निधीतून दोन-दोन लाख जाहीर झाले. मदत मिळालीच पाहिजे. पण मदत म्हणजे भरपाई नव्हे. मदत देणाऱ्याचा फोटो छापून येतो. भरपाईत देणाऱ्याला पिंजऱ्यात उभं राहून उत्तर द्यावं लागतं. आपल्याला मदतीची सवय लावली गेलीय, म्हणून वीस हजारसुद्धा उपकार वाटतात.

म्हणून तरण्या पोरांनो, वस्तीत कुणाचा अपघात झाला की सांत्वनाला नंतर जा. आधी दवाखान्याच्या कागदावर 'पडून लागलं' असं लिहू देऊ नका. गाडीचा नंबर लिहायला लावा. एफआयआर आणि पंचनाम्याची नक्कल काढा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ देऊ नका. एप्रिल २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत लागलीय. मुदतीपायी दावे फेटाळू नका असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला, पण त्याच्या भरवशावर झोपू नका. दवाखान्याच्या दारात टक्केवारी बोलणारा वकील भेटला तर त्याला सांगा, निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. आणि जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं दार वाजवा. १९८७ च्या कायद्यानं अनुसूचित जाती-जमातींना आणि बायांना उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो. तो हक्क आहे, भीक नाही.

माझा दावा चालू आहे. तारखा पडतात. त्या पोराच्या आईनं माझ्याशी बोलणं सोडलं होतं. परवा तिला घरी बसवून कागद वाचून दाखवला : मालक आणि विमा कंपनीकडून काय मागितलंय ते. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्याच्या बी पायाला लागलंय रे. त्याला बी मिळंल का काही?"

पुढच्या आठवड्यात तिच्या पोराला वकिलाकडं घेऊन जाणार आहे.