'लॉयल्टी' कोणाची?

भोपाळला समुद्र नाही, हे मला कोणी सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेशाची राजधानी इथे आली, तेव्हा मी सात वर्षांचा होतो. वडील नागपूरच्या सचिवालयात कारकून. राजधानीमागोमाग आमच्यासारखी कितीतरी मराठी बिऱ्हाडे ट्रंका-वळकट्या घेऊन या गावात उतरली. मोठ्या तलावावरच्या कोळ्यांच्या डोंग्या, एवढेच आम्ही पाहिलेले आरमार.

तरीही मागे एका मासिकाकडे मी जहाजांवर लेख पाठवला. तो साभार परत आला, समासात शेरा होता, "भोपाळचा आणि समुद्राचा संबंध काय?" नकाशा उलगडून माणसांची नाती ठरवण्याची ही रीत सीमाभागातल्या वाचकांना नवी नाही. तुम्ही अमुक राज्यात राहता, मग तमुक भाषेशी तुमचा संबंध काय, हा त्याच जातीचा प्रश्न. म्हणून त्या शेऱ्याचे उत्तर मी इथे देतो आहे.

संबंध असा. सप्टेंबर १९१४ मध्ये व्हाइसरॉयने विलायतेला पाठवलेल्या तारेत संस्थानिकांच्या मदतीची यादी होती. तीत स्पष्ट म्हटले होते की, इस्पितळ-जहाजाची कल्पना मूळ ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे आणि भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ यांची. दोघांच्याही राज्याला समुद्राचा थेंब शिवत नव्हता! माधवरावांना मात्र हे नवे नव्हते. १९०० सालच्या चीनच्या मोहिमेतही त्यांनी 'ग्वाल्हेर' नावाचे इस्पितळ-जहाज दिले होते. या वेळी 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हे कॅनेडियन पॅसिफिकचे जुने प्रवासी जहाज विकत घेतले गेले, त्यात हिंदी जखमींसाठी खाटा बसवल्या आणि जानेवारी १९१५ मध्ये त्याचे नाव ठेवले 'लॉयल्टी'. निष्ठा!

हा लाळघोटेपणा होता, असे आमचे काही मित्र म्हणतात. नावापुरता होताच, ते मी कशाला झाकू? पण जखमी होते आपलेच. सिहोरशी नाते सांगणारी नववी भोपाळ इन्फन्ट्री ऑक्टोबर १९१४ मध्ये फ्रान्सात न्यूव्ह शापेलला कापली जात होती. कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या. ज्या रेजिमेंटचे ठाणे पुढे बेळगावला आले, तिचेच हे पूर्वज. ही सगळी माणसे समुद्र ओलांडूनच गेली होती, आणि समुद्र तेव्हा कसा होता?

इथे आमच्या मराठी लेखणीवर माझा मुख्य आक्षेप आहे. त्या काळाच्या समुद्रावर लिहायला बसलो की आम्ही पहिल्यांदा 'एम्डेन' काढतो. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री तिने मद्रासच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांपाशी ऑस्ट्रेलियाच्या 'सिडनी'ने तिला संपवले. कप्तान फॉन म्युलर सज्जन, दर्यादिल, शत्रूच्या माणसांना जपणारा, हे सगळे खरे. पण त्याने बुडवलेल्या जहाजांवर भट्टीत कोळसा कोण टाकत होते, हे एकाही लेखात मला सापडले नाही. कप्तानाच्या केबिनमधून जेवढे दिसते तेवढेच आमचे युद्ध.

पाणबुड्या आल्यावर तर हे जास्तच खटकते. जुना रिवाज असा होता की व्यापारी जहाज थांबवावे, माणसांना होड्यांत उतरू द्यावे, मग ते बुडवावे. पाणबुडीला हे परवडेना. ती पृष्ठभागावर आली की तिचे पातळ कवच एका तोफगोळ्याचे धनी. मग न सांगता पाणतीर सुटू लागले, आणि १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने हेच उघड धोरण केले. पाणतीर लागतो पाण्याच्या रेषेखाली. तिथे पहिल्या वर्गाचे सलून नसते. तिथे बॉयलर असतात आणि बॉयलरपुढे आगवाले. डेकवरच्या साहेबाला होडीपर्यंत पळायला पाच मिनिटे तरी मिळत. खालच्याला उभी लोखंडी शिडी, वाफ आणि अंधार.

'पर्शिया'चे उदाहरण घ्या. मार्सेलिसहून मुंबईकडे येणारी ही पी अँड ओची बोट ३० डिसेंबर १९१५ ला, दुपारच्या जेवणाच्या वेळी, क्रीटजवळ यू-३८ ने इशारा न देता बुडवली. काही मिनिटांत सगळे संपले. ५१९ पैकी ३४३ माणसे गेली. पाणबुडीचा कप्तान व्हालेंटिनर याला पुढे जर्मनीचे सर्वोच्च पदक मिळाले आणि दोस्तांनी त्याला युद्धगुन्हेगारांच्या यादीत घातले. आज 'पर्शिया' कशासाठी आठवली जाते? कपूरथळ्याच्या महाराजांचे जवाहीर तिच्यावर होते म्हणून. त्याच्या शोधात २००३ साली समुद्राच्या तळाशी यंत्रे सोडली गेली. दुसरे कारण, रोल्स रॉइसच्या नाकावरची ती पंखवाली बाई जिच्यावरून घडवली असे म्हणतात, ती एलेनॉर थॉर्नटन तिच्यावर बुडाली. माणके आठवली, मोटारीवरची बाहुली आठवली. सारंग, टंडेल, भंडारी, आगवाले यांची आठवण ठेवायला बहुधा मोटार हवी होती.

आणि हे काही दूर क्रीटलाच घडत नव्हते. जर्मन 'वुल्फ'ने मुंबईबाहेर पेरलेल्या सुरुंगावर २३ जून १९१७ ला 'मंगोलिया' फुटली. मुंबईच्या दक्षिणेला सुमारे ५० मैलांवर, म्हणजे आपल्या कोकणासमोर. इस्पितळ-जहाजांनाही अभय राहिले नव्हते. २७ जून १९१८ ला 'लँडोव्हरी कॅसल' बुडवून, होड्यांतल्या माणसांवरही यू-८६ ने तोफा डागल्या; २३४ मेले, २४ वाचले. आमची 'लॉयल्टी' वाचली, हे नशीब.

वाचली म्हणूनच तिचा दुसरा जन्म झाला. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी १९१९ मध्ये ती घेतली, शिंद्यांच्या नावावरून कंपनीला 'सिंदिया' म्हटले, आणि ५ एप्रिल १९१९ ला ती मुंबईहून लंडनला निघाली. ब्रिटिश कंपन्यांच्या मक्तेदारीच्या छातीवर ठेवलेला तो पाय होता. वालचंदांच्या धाडसाला माझा मुजरा. १९६४ पासून तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. भाषणे होतात, तसबिरींना हार पडतात. 'लॉयल्टी' स्वतः १९२३ सालीच मोडीत निघाली होती.

मी विचारतो ते एवढेच. या जहाजाच्या कथेत महाराज आले, बेगम आली, शेठजी आले. खलाशी का नाही? पहिल्या महायुद्धात सुमारे ३,४०० हिंदी खलाशी मेले असे सांगतात. रत्नागिरीचे, गुजरातच्या किनाऱ्याचे, गोव्याचे, सिल्हेटचे. एकाच बोटीवर पाच भाषा. द्वैभाषिक जिल्ह्याचे कौतुक आम्ही आज करतो. तो जिल्हा तेव्हा पाण्यावर तरंगत होता. आणि पगार गोऱ्या खलाशाच्या मानाने एक तुकडा. लंडनला टॉवर हिलवर व्यापारी नाविकांचे मोठे स्मारक आहे. आपली नावे तिथे लावली नाहीत, ती मुंबईला पाठवली. मशीद बंदराजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये दोन हजारांहून अधिक नावे आहेत. या माणसांना समुद्राखेरीज थडगे नाही.

मी ती पाहून आलो. माझ्या घराण्यातले नाव शोधायचे नव्हते. आम्ही नागपूरचे, कोरड्या जमिनीचे. तरी तासभर वाचत उभा राहिलो. ज्याची निष्ठा कोणी विचारली नाही आणि जिला जहाजाचे नावही दिले नाही, ती मला तिथे दिसली. मग त्या संपादकांचा शेरा आठवला आणि हसू आले.

आता एक काम वाचकांकडे. बेळगाव, कारवार, सावंतवाडीकडच्या कितीतरी घरांतून कोणीतरी काका, आजोबा 'बोटीवर' गेला होता आणि परत आला नाही, असे ऐकिवात असते. ट्रंकेच्या तळाशी खलाशाचा दाखला असेल, पैशांची मनिऑर्डर पावती असेल, निदान बोटीचे नाव कोणाच्या लक्षात असेल. ते कळवा. माझा पत्ता या अंकाच्या संपादकांकडे आहे. येत्या ५ एप्रिलला भोपाळच्या मराठी मंडळीत ती नावे मी मोठ्याने वाचणार आहे, तलावाच्या काठावर. तिथे समुद्र नसला तरी.