मास्तरांचे पूर्ण नाव

आंबा लावणाऱ्याला फळ चाखायला मिळतेच असे नाही. दक्षिण आफ्रिकेतले एनॉक सोन्टोंगा मास्तर असेच. जोहान्सबर्गजवळ मिशनच्या शाळेत शिकवताना १८९७ साली त्यांनी खोसा भाषेत प्रार्थनागीत रचले. चालही स्वतःच लावली. १९०५ साली, जेमतेम तिशी ओलांडून, ते वारले. गीत मात्र १९१२ पासून स्वातंत्र्याच्या सभांतून घुमले. १९९७ पासून त्या देशाच्या राष्ट्रगीताची सुरुवात त्यानेच होते. मास्तरांची कबर मात्र कित्येक वर्षे सापडेना. शोधणारे ‘सोन्टोंगा’ नाव पाहत होते, नोंद होती ‘एनॉक’ नावाखाली! म्हणून सांगतो, सातबारा जपता, तशी गावच्या जुन्या गुरुजींची पूर्ण नावेही वहीत लिहून ठेवा. हे काम मुलांना सांगा.