उमेदवार ठरवायचा कोणी?

अमेरिकेतील नोव्हेंबरच्या मतदानाकडे साऱ्या जगाचे डोळे लागलेले असतात. परंतु तेथील सत्तेचा निर्णय पुष्कळदा त्याआधी कित्येक महिने, प्रायमरी या प्राथमिक निवडणुकीतच लागून गेलेला असतो. आपल्याकडे एबी फॉर्म कोणाच्या हाती द्यायचा हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. अमेरिकेत पक्षाकडे हा अधिकार जवळजवळ उरलेलाच नाही. प्रायमरी राज्याच्या कायद्याने होते, बहुतेक ठिकाणी शासकीय यंत्रणाच ती पार पाडते, आणि अनेक राज्यांत त्या पक्षाचा म्हणून नोंद नसलेला नागरिकही तीत मत देऊ शकतो.

हे असे का झाले? १९६८ साली उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवली. प्रायमऱ्या लढवून मते मिळवणारे युजीन मॅकार्थी बाजूला पडले. रॉबर्ट केनेडींची तर जूनमध्येच हत्या झाली होती. शिकागोत अधिवेशन चालू असताना बाहेर रस्त्यावर पोलीस आणि निदर्शक यांच्यात धुमश्चक्री सुरू होती. त्यानंतर नियम बदलले आणि प्रायमरीचा कौल निर्णायक ठरू लागला. १९७२ मध्ये या नव्या वाटेने आलेले मॅकगव्हर्न पन्नासपैकी एकोणपन्नास राज्ये हरले, ही गोष्ट वेगळी!

बंद खोलीतील कारभार मोडला, हे उचितच झाले. पण तेथून निघालेला अधिकार 'जनते'कडे गेला, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. प्रायमरीला मतदान कमी होते, आणि जे येतात ते बहुधा अधिक आग्रही मतांचे असतात. २०१४ मध्ये प्रतिनिधिगृहातील बहुमताचे नेते एरिक कँटर यांना व्हर्जिनियात त्यांच्याच पक्षाच्या प्रायमरीत एका प्राध्यापकाने घरी बसवले. एका पक्षाचे निर्विवाद वर्चस्व असलेल्या मतदारसंघात तर प्रायमरी हीच खरी निवडणूक. बेळगावात वाढलेले मराठी भाषक श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइट परिसरातून निवडून आले, ते बहुरंगी प्रायमरी सुमारे २८ टक्के मतांवर जिंकून. नोव्हेंबरची लढत मग जवळपास औपचारिकच होती.

पक्ष नावाच्या संस्थेचे मग उरते काय? २०१६ मध्ये कोणतेही शासकीय पद न भूषवलेले डोनाल्ड ट्रम्प रिपब्लिकन पक्षातील बड्या धुरीणांचा विरोध डावलून उमेदवार झाले. त्याच वर्षी सिनेटमध्ये अपक्ष असलेले बर्नी सँडर्स डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी अखेरपर्यंत झुंजले. वर्षानुवर्षे दारोदार हिंडणारा कार्यकर्ता आणि काल सायंकाळी आलेला मतदार, दोघांच्या मताचे मोल सारखेच. लोकशाही म्हणून हे शोभते. संघटना म्हणून परवडते का, याविषयी प्रस्तुत लेखकाला शंका आहे. निवडून आलेला माणूस पक्षाच्या शिस्तीपेक्षा पुढच्या प्रायमरीला अधिक भितो, आणि विरोधकाशी तडजोड करणे त्याला महागात पडते.

तरीही पक्षयंत्रणा अगदीच निष्प्राण नाही. २०२४ मध्ये प्रायमऱ्या सहज जिंकलेले जो बायडेन स्वपक्षीयांच्या दडपणानंतर २१ जुलै रोजी स्पर्धेतून बाहेर पडले. त्या वर्षी एकाही प्रायमरीत अध्यक्षपदासाठी न उतरलेल्या उपाध्यक्षा कमला हॅरिस यांना प्रतिनिधींनी पंधरवड्यात उमेदवारी दिली. अधिवेशन पुन्हा शिकागोलाच भरले होते. ज्यांनी बायडेन यांना मते दिली होती, त्यांना कोणी काही विचारले नाही, आणि त्यांतील बहुतेकांनी फारशी तक्रारही केली नाही.